भोंग्याच्या बरगड्या

काकाजी, लिहायला बसलो आहे खरा, पण हे माझं काम नाही हे मला ठाऊक आहे. तुमच्या निम्म्या वयाचा मी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि तेही जनावरांच्या कॉलेजात. शाळा सगळी हिंदीत झाली, त्यामुळे माझी मराठी म्हणजे आई जेवायला हाक मारते तेवढी. तुम्ही गेल्यावर मंडळाच्या अंकात तुमच्यावर कोणीतरी लिहावं असं ठरलं तेव्हा मोठी माणसं एकमेकांकडे पाहत बसली. मग तुमच्या घरच्या, शांताकाकूंनीच, माझ्याकडे बोट दाखवलं. "यालेच लिहू द्या. भोंग्याचं सगळं यालेच माहीत आहे."

काही चुकलं तर माफ करा, असं लिहिणार होतो. पण तुम्ही माफ केलं नसतं. तुम्ही प्रत्येक ओळ उजेडाकडे धरून पाहिली असती.

उजेडाकडे धरून पाहणं हा तुमचा धंदाच होता. आपल्या जबलपूरच्या फॅक्टरीत तुम्ही तपासणी खात्यात. तोफगोळ्याचं रिकामं कवच टेबलावर यायचं आणि तुमच्याजवळ दोन कड्या असायच्या. एकीतून ते गेलंच पाहिजे, दुसरीतून ते जाताच कामा नये. दोन्ही कड्यांचं समाधान झाल्यावरही तुम्ही अंगठ्याच्या पेराने त्याच्यावरून एकदा हात फिरवायचे, कारण कड्यांवरही तुमचा विश्वास नव्हता. "माणसाले कामाचा पगार मिळते, बेटा," तुम्ही मला म्हणाला होता. "मले संशयाचा मिळते."

तो पगार तुम्ही घरीही कमवायचे. दुधाचा थेंब नखावर घेऊन पाहायचे. पोस्टमनने हातात दिलेल्या पाकिटाचा डिंक तपासायचे. आणि त्या वर्षी तर आपली सगळी क्वार्टरांची लाईनच तुमच्यासारखी झाली होती. खिडक्यांना काळे कागद लागले होते. नळावर कोणी फॅक्टरीचं नाव काढलं की दुसरी बाई खोकायची. पत्ता विचारत आलेल्या अनोळखी माणसाच्या मागे पोरं लाईनीच्या टोकापर्यंत जायची. लढाई अजून व्हायची होती, पण दोन-दोन पाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि कोणाचा बाप कधी घरी येतो याचा पत्ता नसायचा.

एका भोंग्यावर मात्र तुमचा संशय नव्हता. कानापासून शेपटीपर्यंत काळा कुळकुळीत कुत्रा, फॅक्टरीच्या गेटाजवळ सायकलींमध्ये सापडलेला. पिल्लू असतानाच सकाळचा भोंगा वाजला की तो मान वर करायचा आणि सूर धरायचा, भोंगा थांबेपर्यंत. म्हणून नाव पडलं भोंगा. शेजारचे पांडेजी, जे वर्षानुवर्षं तुमच्या सायकलीशेजारी सायकल काढून गेटापर्यंत जायचे, रोज सकाळी तोच विनोद करायचे. "दादा, असली वाला कौन सा है और नकली कौन सा?" आणि तुम्ही रोज तेच उत्तर द्यायचे. "जो टाइम पे बजे, वो असली."

मग उन्हाळ्यात तो वाजेनासा झाला.

पहिल्यांदा तुम्हीच मला बोलावलं. मी दुसऱ्या वर्षाला होतो. लाईनीतली पोट्टी मला 'ढोरांचा डॉक्टर' म्हणून चिडवत होती. तुम्ही दारातून हाक मारली, "डॉक्टर, जरा इकडे ये," आणि त्या हाकेत थट्टा आहे की काय हे मी जिना उतरेपर्यंत शोधत होतो. नव्हती. भोंगा उंबरठ्यावर हनुवटी टेकून बसला होता. आडवा होत नव्हता. पुढचे पाय फाकवलेले, कोपरं बाहेर, मान ताणलेली. श्वासाचा आवाज वायसर फाटलेल्या सायकलच्या पंपासारखा येत होता. जीभ लाल नव्हती, जांभळट होती.

"पट्टा पाहिला?" मी भीत भीत विचारलं. ओमतीच्या बाजारातून आणलेला तो कातडी पट्टा मधल्या भोकातून सरकून शेवटच्या भोकात येऊन बसला होता, आणि तिथेही रुतत होता.

"चामडं आक्रसलं," तुम्ही म्हणालात. "दुकानदारानं फसवलं."

मी म्हटलं, काकाजी, हा जाड झाला आहे. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी कडीतून न गेलेला माल होतो. "जाड? माझ्या हातची अर्धी पोळी खाते हा. उरलेली ताटलीत ठेवून देते. न खाणाऱ्याचं वजन वाढते काय?"

तुमचा प्रश्न बरोबर होता, आणि तो मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिला.

मदन महल स्टेशनजवळच्या लाकडाच्या वखारीत, टालावर, आपण त्याला तोलायला सायकलरिक्षात घालून नेलं, आठवतं? चालवत नेणं शक्यच नव्हतं. टालवाला म्हणाला, "बाबूजी, लकड़ी लेने आए हो कि बेचने?" तुम्ही आधी रिकामा काटा पाहिलात. मग पारडी बदलून पाहिलीत. मग मला पारड्यात उभं केलंत, कारण कॉलेजात माझं वजन नुकतंच झालं होतं आणि ते मला ठाऊक होतं. माझं वजन बरोबर निघालं तेव्हा तुम्हाला वाईटच वाटलं असावं. त्यानंतर भोंगा पारड्यात बसला, आणि टालवाल्याने बाजूला ठेवलेलं मोठं वजनही उचलून घेतलं.

तिथेच, लाकडाच्या ढिगाशेजारी, मी तुमचा हात धरून त्याच्या छातीवर ठेवला. आमचे सर शिकवतात की आधी पुस्तक उघडू नका, आधी हात लावा. निरोगी कुत्र्याच्या बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना सापडाव्यात. तुमच्या बोटांना पितळेवरचा केसाएवढा ओरखडा कळायचा. तुम्ही शोधत राहिलात.

"बाप्पा," तुम्ही हळूच म्हणालात. "गेल्या कुठं?"

मी सांगितलं, जमेल तसं. पोटातली चरबी छातीखालच्या पडद्याला रेटते, म्हणून फुप्फुसांना पसरायला जागा उरत नाही. छातीवरची चरबी बरगड्यांना उघडू देत नाही. गळ्यावरची चरबी श्वासाची वाट बाहेरून दाबते. त्यात कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढतो, आणि याच्या अंगावर तर जबलपूरच्या उन्हाळ्यात गोधडी घातली आहे. श्वास पुरत नाही म्हणून चालत नाही, चालत नाही म्हणून आणखी जाड होतो.

तुम्ही सगळं ऐकलंत. नळी तीच पण आतला बोअर कमी झाला, असं म्हणालात, म्हणजे तुम्हाला समजलं होतं. रिक्षात बसल्यावर म्हणालात, "सूज आहे ही. कोणीतरी थोडं थोडं विष देऊन राहिलं आहे."

त्यानंतर तुम्ही पहारा सुरू केलात. पण तुमच्याही दोन पाळ्या होत्या, त्यामुळे तो पहारा सुट्टीच्या दिवशीच व्हायचा, आणि सुट्टीच्या दिवशी कोणीच येत नसे. यानेही तुमचा संशय वाढला.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी ब्लॅकआउटची तालीम झाली. सायरन वाजला. भोंग्याला फॅक्टरीचा भोंगा आणि हा सायरन यांतला फरक कुठे कळणार? त्याने मान वर केली, सूर धरायला तोंड उघडलं, आणि आवाजाऐवजी नुसती खरखर आली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला आणि तो कोसळला. तुम्ही पाळीहून नुकतेच परतला होता. मी त्याचं तोंड उघडं धरून बसलो होतो आणि तुम्ही वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होता. त्याची धाप बसेपर्यंत तुमचा हात थांबला नाही. त्या अंधारात पांडेभाभी आपल्या मागच्या बाजूने घाईघाईने, पदराखाली काहीतरी झाकून परत जाताना तुम्हाला दिसल्या.

सायरन थांबल्यावर, दिवे लागायच्या आत, तुम्ही पांडेजींच्या दारात उभे होता.

"मेरे कुत्ते को क्या खिलाते हो तुम लोग?"

"हम काहे को खिलाएँगे, दादा? यहाँ अपने बच्चों को पूरा नहीं पड़ता।"

"जहर सस्ता मिलता होगा।"

पांडेजींनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सायकल तुमच्या आधी निघून गेली. मग रोजच. सकाळच्या भोंग्याला आता उत्तर नव्हतं आणि दारात विनोदही नव्हता. कोणता आवाज बंद झाल्याचं तुम्हाला जास्त लागलं, मी विचारू शकलो नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा मलाही संशय यायला लागला होता. मी भोंग्याचं तोंड हुंगून पाहिलं. विषाचा वास मला कॉलेजात कोणी शिकवला नव्हता, पण हा वास मला लहानपणापासून ठाऊक होता. साजूक तूप. आणि गूळ. आता, आपल्या लाईनीत कुत्र्याला साजूक तूप कोण देईल? आमच्याच घरी त्या महिन्यांत पोळी कोरडी येत होती. बाबांनी एकदा विचारलं तर आई म्हणाली, "महाग झालं." पण डब्यातलं तूप तर खाली जात होतं. मी घरात आलो की आई आणि फडताळ यांच्यात काहीतरी घाईने बंद व्हायचं. माझ्या आईवर मी नजर ठेवून आहे, हे कळल्यावर मला स्वतःचीच भीती वाटली होती.

संध्याकाळ व्हायला लागली की मी नळाच्या ओट्यामागे बसू लागलो. दुसऱ्याच दिवशी पांडेभाभी आल्या. इकडेतिकडे पाहिलं, भोंग्यापुढे काहीतरी ठेवलं, हात जोडले आणि गेल्या. थोड्या वेळाने कोपऱ्यावरच्या घरातली बाई. मग माझी आई. तिने मला पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं, पोळी भोंग्याला दिली, हात जोडले, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

"कोणासाठी, आई?"

"तुझ्या बाबांसाठी. दुसऱ्या कोणासाठी?" ती चुलीकडे तोंड करून बोलत होती. "बारुदाच्या पावडरीत हात घालून काम करतात ते. आता दोन-दोन पाळ्या. झोप आली, हात चुकला, एक ठिणगी पडली तर..." तिने ते वाक्य सोडून दिलं. "शनिवारी काळ्या कुत्र्याले तूप-गुळाची पोळी द्यावी म्हणतात. बोलायचं नाही, कोणाले सांगायचं नाही. तू आपल्या डोळ्यानं पाहिलं, पण तू कोणाले सांगितलं की सगळं गेलं."

"शनिवार परवा होऊन गेला."

"पाळ्या काय शनिवारीच असतात?"

तर असं होतं, काकाजी. लाईनीत काळा कुत्रा एकच. प्रत्येकीला वाटत होतं की ती एकटीच देते. आधी शनिवारी, मग पाळ्या वाढल्या तशी रोज. घरी तुमची अर्धी पोळी तो का सोडायचा, याचं उत्तर मला मिळालं होतं, आणि ते मी तुम्हाला सांगू शकत नव्हतो.

मी आईला म्हटलं, अगं, तो गुदमरतो आहे. मरेल तो.

"काहून मरेल? तुपानं कोणी मरते काय?"

मी तिला पडदा, बरगड्या, गळा, सगळं सांगितलं. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. मग मी विचारलं, "आणि तो मेला तर तुझ्या व्रताचं काय?" ती बराच वेळ परातीतलं पीठ गोळा करत राहिली.

"मग किती देऊ, सांग."

"एक घास. कोरडा."

"तूप नाही?"

"बोट लावून."

"चला," ती म्हणाली, माझ्याशी नाही, "देव काही काटा घेऊन बसत नाही."

बाकीच्या बायकांचं काय करायचं? नाव घेतलं तर व्रत मोडणार. शेवटी मी सकाळी नळावर गेलो. म्हणालो, "भोंग्याला कोणी काही खायला घालत नाही, हे मला माहीत आहे. पण समजा, कोणी घातलंच, तर एक घास. कोरडा. जास्त घातलं तर तो जगणार नाही."

सगळ्याजणी आपापल्या बादलीत पाहू लागल्या.

"हम काहे को देंगे, भैया?" पांडेभाभी म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारलं, "गुड़ भी नहीं?"

"गूळही नाही."

"नहीं, हम तो ऐसे ही पूछ रहे थे।"

शांताकाकू तिथेच होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद केला नाही. तेव्हा मी ओळखलं.

इथे आपला वाद अपुरा राहिला आहे, काकाजी, आणि तो मी एकट्याने पुरा करू शकत नाही. तुम्ही म्हणाला असता, पांड्यावर खोटा आळ होता आणि तुला ठाऊक होतं, तर तू मला सांगायला हवं होतं. मी म्हणेन, आईने बाबांचा जीव त्या न सांगण्यावर ठेवला होता. माझा त्यावर विश्वास नव्हता, पण तिचा होता, आणि बाबा रोज पावडरीतून घरी येत होते. अजूनही मला वाटतं मी बरोबर होतो. अजूनही मला खात्री नाही.

आणि माझा एक संशय आहे, तो आज बोलून टाकतो. त्याच दिवसांत मी तुमच्याकडे आलो होतो. काकू बाहेर होत्या. तुम्ही स्वयंपाकघरात फडताळापुढे उभे होता आणि हातात तुपाचा डबा होता. तुम्ही झाकण काढलंत, हुंगलंत, बोट आत घालून तळ किती लागतो ते पाहिलंत. मग झाकण लावून डबा होता तिथे ठेवलात, त्याची कडी भिंतीकडे जशी होती तशीच. मला पाहून म्हणालात, "मुंग्या पाहत होतो." जन्मभर प्रत्येक वस्तू तपासणाऱ्या माणसाने ती एक वस्तू न विचारता पास केली, असं मला वाटतं. कळलं होतं का तुम्हाला? मग पांडेजींच्या दारात पुन्हा का नाही गेलात?

माझं ऐकलंत मात्र, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. विषाची गोष्ट न सोडताही तुम्ही माझा प्रत्येक शब्द पाळलात. ऊन चढायच्या आत फिरवणं, आधी नळापर्यंत, मग लाईनीच्या टोकापर्यंत, पुढे मदन महलच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत. तो थांबला की थांबायचं, ओढायचं नाही. दर रविवारी तुम्ही त्याच्या छातीवर हात ठेवून डोळे मिटायचे. एका रविवारी डोळे न उघडताच म्हणालात, "एक सापडली." तेवढा आनंद मला परीक्षेत पास झाल्यावरही झाला नव्हता. माझ्या विद्येवर विश्वास ठेवणारा लाईनीतला पहिला माणूस तुम्ही, आणि तुम्ही तर कोणावरच विश्वास ठेवत नव्हता.

लढाई झाली. ती थांबली. फॅक्टरीतून सगळे बाप घरी आले. व्रताचं उद्यापन दिवसाउजेडी करायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या शनिवारी मी भोंग्याला फिरवून आणत होतो आणि एकेका दारातून एकेक ताट बाहेर आलं. पुरी, शिरा, नारळ. सगळ्याजणी एकाच कुत्र्यापुढे येऊन थबकल्या.

"अरे, आप भी?"

"अन् तुम्ही?"

"बाई बाई," माझी आई म्हणाली, "कुत्रा एक अन् नवरे किती!"

हसता हसता शांताकाकू तिथेच पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मी हात पसरून भोंग्यापुढे उभा राहिलो, म्हणून शिरा पोरांना मिळाला.

तुम्ही तेव्हा इस्पितळात होता. आधी साधा खोकला, मग छाती भरली. तीन उशांना टेकून, कोपरं बाहेर काढून, मान पुढे करून तुम्ही श्वास घेत होता. मी ती बसण्याची पद्धत ओळखली. तुम्हीही माझ्याकडे पाहून ओळखलंत, असं वाटलं.

काकूंनी उद्यापनाच्याच संध्याकाळी सांगितलं. मी डबा घेऊन गेलो होतो. "ते विष मीच देत होते," त्या म्हणाल्या. "अन् पांडेबाई पण. अन् याची आई पण."

तुम्ही छताकडे पाहत होता. "माझ्यासाठी?"

"नाही तर काय, भोंग्यासाठी?"

तुम्ही हसायचा प्रयत्न केलात, तो खोकला निघाला. मग विचारलंत, "पांडे येते का इकडे?" काकूंनी मान खाली घातली. पांडेजी एकदा व्हरांड्यापर्यंत येऊन परत गेले होते, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

त्यानंतर तुम्ही फार थोडे दिवस राहिलात. त्यातली एकच सकाळ मला लिहायची आहे.

मी इस्पितळात चहा घेऊन आलो होतो. दारात पांडेजी दिसले. फॅक्टरीच्या खाकी कपड्यांत, विजारीला सायकलच्या क्लिपा तशाच, धापा टाकत. त्यांची पाळी केव्हाच सुरू झाली होती. त्यांनी तब्येत विचारली नाही. तुम्हीही माफी मागितली नाही.

"दादा, आज बोला।"

तुम्ही डोळे उघडलेत. "कौन?"

"भोंगा। सुबह वाले पे।"

"खाँसा होगा।"

"नहीं दादा। मुंडी उठा के बोला।"

तुम्ही श्वास गोळा केलात. "किसने बताया तुमको?"

"बताएगा कौन? मैं सायकल पकड़े दरवाजे पे खड़ा था। अपने कान से सुना।"

"पूरा?"

"हओ दादा, पूरा। फैक्ट्री वाला बंद हो गया, और अपना वाला तब भी बोल रहा था।"